एकाच तालमीतील मल्लांची स्पर्धा आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद : महाराष्ट्र केसरीच्या संदर्भात

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्रात प्रतिस्पर्धी म्हणजे दुसऱ्या संघाचा, दुसऱ्या गावाचा वा दुसऱ्या देशाचा खेळाडू, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु एकाच छपराखाली वाढलेले दोन खेळाडू एकाच किताबासाठी समोरासमोर उभे राहतात, तेव्हा स्पर्धेचे स्वरूप पालटते आणि प्रेक्षकांची निष्ठाही कसोटीस लागते. फॉर्म्युला वन मोटार शर्यतीत हा प्रश्न वर्षानुवर्षे चर्चिला गेला आहे. महाराष्ट्रात तो कुस्तीच्या आखाड्यात अधिक ठळकपणे दिसतो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्र केसरी स्पर्धेतील अलीकडच्या काही लढतींच्या आधारे या प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन विभाग, एक तालीम

महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब 1961 मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे दिनकर दह्यारी यांनी पटकावला. आजच्या पद्धतीत गादी आणि माती असे दोन विभाग असतात व दोन्ही विभागांच्या विजेत्यांमध्ये अंतिम लढत होते. मल्ल जिल्ह्याच्या वा शहराच्या नावाने उतरतो, तालमीच्या नावाने नव्हे. त्यामुळे एकाच वस्तादाचे दोन शिष्य दोन वेगवेगळ्या जिल्ह्यांकडून आणि दोन वेगवेगळ्या विभागांतून अंतिम फेरीत पोहोचू शकतात. पूर्वी कोल्हापूरच्या गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी मल्लांची माहेरघरे होती. पुढे पुण्यातील निवासी कुस्ती केंद्रांकडे मराठवाडा, नाशिक, सोलापूर या भागांतील तरुण वळू लागले, तसा असा योग वारंवार येऊ लागला.

जानेवारी 2020 मध्ये पुण्याच्या बालेवाडी येथे हेच घडले. गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके अंतिम फेरीत आले. दोघेही अर्जुन पुरस्कारप्राप्त मल्ल काका पवार यांचे शिष्य. काका पवार स्वतः लातूर जिल्ह्यातले. त्यामुळे औसा, लोहारा, उमरगा या पट्ट्यातील कुस्तीशौकिनांना ही लढत घरातलीच होती. सदगीरने ती 3-2 अशा निसटत्या गुणांनी जिंकली. विजयानंतर त्याने पराभूत शेळकेला खांद्यावर उचलून घेतले आणि त्या दृश्याला विजयाहून अधिक दाद मिळाली.

‘नुरा’ची शंका

या दादेचा अर्थ समजण्यासाठी गावच्या फडाची रीत लक्षात घ्यावी लागते. सास्तूरसारख्या गावांच्या परिसरात जत्रेनिमित्त कुस्त्यांचे फड भरतात. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जोडी लावण्याचे काम फडातील जाणती मंडळी करतात. एकाच तालमीतील दोघांची जोड शक्यतो लावली जात नाही. त्यामागे सौजन्य आहे, तसा व्यवहारही आहे. इनाम आधी ठरलेले असते. कुस्ती बरोबरीत सोडविली तर दोघांचेही फारसे बिघडत नाही. बिघडते ते उन्हात बसलेल्या प्रेक्षकाचे. आपसांत ठरवून केलेल्या अशा लढतीला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात आणि ग्रामीण प्रेक्षक हा शब्द वापरताना जराही भीड बाळगत नाही. तेव्हा एकाच तालमीचे दोघे समोर आले की कुजबुज सुरू होणे स्वाभाविकच होय.

मोटार शर्यतीत या शंकेला नियमांचेच पाठबळ होते. तेथे प्रत्येक संघाचे दोन चालक असतात. दोघांची मोटार एकाच बनावटीची असल्याने चालकाचे खरे मोजमाप सहकाऱ्याशीच होते. परंतु संघाला दोघांचेही गुण मिळत असल्याने कोणी पुढे जावे हे ठरविण्यात संघाचे हित गुंतलेले असते. 12 मे 2002 रोजी ऑस्ट्रियातील शर्यतीत आघाडीवर असलेल्या रुबेन्स बॅरिकेलोने फेरारी संघाच्या आदेशावरून अंतिम रेषेजवळ मायकेल शूमाखरला वाट दिली. प्रेक्षकांनी विजेत्याचीच हुर्यो उडविली. शूमाखरने बॅरिकेलोला सर्वोच्च पायरीवर उभे केले, तरीही राग शमला नाही. उलट पारितोषिक समारंभाचा शिष्टाचार मोडल्याबद्दल 10 लाख डॉलरचा दंड झाला. पुढे संघादेशांवर बंदी आली आणि ती 2011 च्या हंगामापासून उठविण्यात आली.

सदगीर आणि शूमाखर या दोघांनीही सहकाऱ्याला उंच केले. एकाला टाळ्या मिळाल्या, दुसऱ्याला हुर्यो. फरक कृतीत नसून आधीच्या लढतीत आहे. बालेवाडीत निकाल मल्लांनीच लावला होता. शिवाय महाराष्ट्र केसरीत तालमीच्या खात्यावर गुण जमा होत नाहीत आणि गुणपद्धतीमुळे कुस्ती बरोबरीत सोडविण्याची सोयही उरलेली नाही.

परिचय आणि निकाल

रोज एकमेकांशी जोर करणाऱ्यांना परस्परांचे डाव पाठ असतात, त्यामुळे लढत अटीतटीची व कमी गुणांची होते, असे म्हटले जाते. 3-2 हा निकाल त्यास पुष्टी देतो. मात्र जानेवारी 2023 मध्ये पुण्यातच झालेल्या अंतिम लढतीत शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला अवघ्या 55 सेकंदांत चीतपट केले आणि हे दोघेही काका पवार यांच्याच तालमीतले! परिचयाने सावधपणा येतो, तसे नेमके कोठे घाव घालावा हेही कळते. तेव्हा या बाबतीत सरधोपट नियम मांडणे धाडसाचे ठरेल.

त्या स्पर्धेत प्रेक्षकांचा क्षोभ झाला तो मात्र या लढतीवर नव्हे. माती विभागात गायकवाडने गंगावेस तालमीच्या सिकंदर शेखला हरविले. त्यात बाहेरील टांग या डावाला दिलेल्या चार गुणांवरून समाजमाध्यमांत वादंग माजले. पंचांना धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. विशेष म्हणजे शेख आणि गायकवाड हे दोघेही सोलापूर जिल्ह्याचे सुपुत्र. जिल्हा एक, तालमी दोन. आणि प्रेक्षक तालमीनुसार विभागले गेले. नाशिककडून खेळणारा सदगीर मूळचा अकोले तालुक्यातला, तर पुणे जिल्ह्यातील राक्षे त्या वर्षी नांदेडकडून उतरला होता. जिल्ह्याचे नाव असे बदलत राहिल्यावर शौकिनाची निष्ठा तालमीकडे वळली, तर नवल नाही. गुणपद्धतीने नुराची शंका कमी केली, पण चीतपटीसारखा डोळ्यांना दिसणारा निकालही दुर्मीळ केला. हा व्यवहार प्रेक्षकांना समजावून देण्याकडे संयोजकांचे दुर्लक्ष झाले आहे, हे येथे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे.

धाराशिवचा आखाडा

नोव्हेंबर 2023 मध्ये संघटनांतील फुटीमुळे एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाल्या. पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे सिकंदर शेखने राक्षेला हरविले. त्यानंतर काही दिवसांतच धाराशिव येथे राक्षेने दुसऱ्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, तेव्हा समोर होता तालमीतला जुना सोबती सदगीर. जवळपास चार वर्षांपूर्वी शेळकेला खांद्यावर घेणारा सदगीर या वेळी पराभूत झाला. एका पंधरवड्यात एकाच मल्लाचा पराभवही झाला आणि तो ‘महाराष्ट्र केसरी’ही ठरला. त्यामुळे शौकिनांपुढे कोणता मल्ल आपला, या प्रश्नाइतकाच कोणता किताब खरा, हाही प्रश्न उभा राहिला.