घरच्या आजारांचें दप्तर

सदाशिव पेठेंत भारत इतिहास संशोधक मंडळाची वास्तु आहे. १९१० सालीं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे व खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनीं स्थापन केलेल्या या संस्थेनें वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेलीं जुनीं कागदपत्रें गोळा करून जतन केलीं. हातकागदावर काजळीच्या शाईनें लिहिलेलीं दोनअडीचशें वर्षांपूर्वींचीं पत्रें आजहि वाचतां येतात. त्याच पेठेंतील आमच्या घरीं मात्र अवघ्या तीन वर्षांपूर्वींचा एक कागद आम्हांस वाचतां आला नाहीं. आणि तो कागद पत्रव्यवहाराचा नव्हे, घरांतील वडील माणसाच्या हृदयाचा होता.

त्याचें असें झालें. पावसाळ्यांतील एका रात्रीं आमच्या थोरल्या काकांच्या छातींत दुखूं लागलें. त्यांस तांतडीनें एका इस्पितळांत नेलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं हृदयाचा आलेख, म्हणजे आपण ज्यास ईसीजी म्हणतों तो, काढला आणि विचारलें, "काकू, यांचा पूर्वींचा ईसीजी आहे का? हा दोष जुना कीं आजचाच, एवढेंच मला पाहावयाचें आहे." काकू लगबगीनें म्हणाल्या, "आहे ना! सगळे कागद मीं पिशवींत जपून ठेवले आहेत." पिशवी आली, पाकीट उघडलें, आणि आंतून निघाला एक कोरा, पिवळसर कागद! रेघ नाहीं, तारीख नाहीं, नांवहि नाहीं. डॉक्टरांना अर्थातच दोष नवा धरून पुढील उपचार करावे लागले. अधिक तपासण्यांअंती दोष जुनाच असल्याचें ठरलें आणि काका सुखरूप घरीं आले. परंतु ती रात्र आणि कोऱ्या कागदाकडे पाहणारी काकूंची मुद्रा आम्ही विसरलों नाहीं.

असें कां झालें, याची आम्हीं मागाहून चौकशी केली. ईसीजी काढणारीं पुष्कळ यंत्रें शाई वापरीतच नाहींत. त्यांच्या कागदावर एका रंगहीन द्रव्याचा आणि त्यास रंग आणणाऱ्या दुसऱ्या द्रव्याचा पातळ लेप असतो. यंत्राच्या तापलेल्या टोंकाखालून कागद सरकला कीं तीं दोन द्रव्यें एकमेकांत मिसळतात आणि काळी रेघ उमटते. सोनोग्राफीचीं लहान चित्रें व दुकानांतील गुळगुळीत पावत्या बहुधा याच जातीच्या. ही रेघ ऊन, उष्णता, दमट हवा आणि विशेषतः मऊ प्लॅस्टिकमधील द्रव्यें यांनीं फिकी होत जाते. काकूंनीं जपणुकीसाठीं निवडलेलें प्लॅस्टिकचें पाकीटच त्या कागदास बाधलें! कोणी असा कागद टिकावा म्हणून लॅमिनेशन करावयास देतात. त्या उष्णतेनें तर सारा कागदच काळा पडतो.

उपाय मात्र अगदीं साधा आहे. असा कागद हातीं आल्याबरोबर त्याच दिवशीं त्याची झेरॉक्स काढावी व मोबाइलवर स्पष्ट छायाचित्र घ्यावें. झेरॉक्स आणि लेसर प्रिंटर यांत टोनर नांवाची बारीक भुकटी उष्णतेनें कागदावर घट्ट बसविली जाते. ती वर्षानुवर्षें टिकते. इंकजेट प्रिंटरची शाई पुष्कळदां पाण्याचा थेंब पडतांच पसरते, म्हणून ते कागद ओलीपासून दूर ठेवावे. आणि सर्व कागद प्लॅस्टिकमध्यें न कोंबतां साध्या कागदी फाइलींत ठेवावे.

यावर कोणी म्हणेल, "इस्पितळांत नोंद असतेच, मग घरीं एवढा खटाटोप कशाला?" तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणें, दाखल झालेल्या रोग्याचीं कागदपत्रें उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षें ठेवण्याचें बंधन डॉक्टरांवर आहे. रोग्यानें किंवा त्यानें नेमलेल्या माणसानें मागणी केल्यास तीं ७२ तासांच्या आंत दिलीं पाहिजेत, असेंहि त्याच नियमांत आहे. हा हक्क पुष्कळांस ठाऊक नसतो. तो अवश्य बजावावा. परंतु तीन वर्षें म्हणजे किती? काकांचा रक्तदाब वीस वर्षांचा, आणि आत्याबाईंस एका औषधानें अंगावर गांधी उठल्या त्यास तीस वर्षें होऊन गेलीं. इतक्या लांबच्या गोष्टी लक्षांत ठेवणारें दप्तर घराखेरीज दुसरें कोठें असणार?

ही अडचण केवळ आपलीच नाहीं. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमध्यें पूर्वीं प्रत्येक डॉक्टर आपआपल्या वहींत टिपणें ठेवी; एकाचें दुसऱ्यास कळत नसे. १९०७ सालीं तेथील डॉ. हेन्री प्लमर यांनीं प्रत्येक रोग्यास एक क्रमांक देऊन त्याचे सर्व कागद एकाच फाइलींत ठेवण्याची पद्धत सुरू केली. आपल्या देशांत २७ सप्टेंबर २०२१ रोजीं सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. त्यांत प्रत्येकास 'आभा' नांवाचा चौदा आंकडी क्रमांक मिळतो. तो घेणें ऐच्छिक आहे. रिपोर्ट ज्या संस्थेंत तयार झाला तेथेंच राहतो. तो दुसऱ्या डॉक्टरांस दाखविण्यास रोग्याची संमति लागते.

या कामांत पुण्याचाहि वांटा आहे. एकच आजार कोणी मधुमेह लिहितो, कोणी डायबेटिस, कोणी नुसतें 'शुगर'. माणसास तें कळतें, यंत्रास कळत नाहीं. म्हणून सर्वांनीं कोणत्या ठराविक संज्ञा व सांकेतिक क्रमांक वापरावे याचीं प्रमाणें केंद्र सरकारनें २०१३ सालीं ठरविलीं व २०१६ सालीं सुधारलीं. तीं वापरण्यास साह्य करणारें राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅक या संस्थेंत आहे. तरीहि एक गोष्ट विसरूं नये: नवा क्रमांक घेतल्यानें जुने कागद आपोआप त्यांत जाऊन बसत नाहींत. ते शोधून, लावून, चढविणें हें आपलेंच काम.

आतां दुसरी बाजू. संगणक आले म्हणून इस्पितळांतील कागद संपला आहे असें नाहीं. रिपोर्ट, बिलें, संमतिपत्रें, घरीं जातांना मिळणारा सारांश हें सर्व छापलेंच जातें. म्हणून कार्यालयांतील छपाईची सर्व व्यवस्था भाड्यानें पुरविणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी इस्पितळांच्या पायऱ्या चढतांना दिसतात. ते यंत्र देतात, टोनर व दुरुस्ती पाहतात आणि दर पानामागें ठराविक पैसे घेतात. व्यवस्था सोयीची आहे. त्यांतील एक सुधारणा तर उत्तम: कर्मचाऱ्यानें यंत्राजवळ येऊन आपलें कार्ड लाविल्याखेरीज कागद बाहेर पडत नाहीं, त्यामुळें एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या हातीं जाण्याची भीति कमी होते.

पण खरेदी करणाऱ्यानें दराबरोबर आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. मोठ्या झेरॉक्स यंत्रांपैकीं पुष्कळांत हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या प्रतींचीं चित्रें तींत राहूं शकतात. २०१० सालीं अमेरिकेंत एका वार्तासंस्थेनें वापरलेलीं यंत्रें विकत घेऊन तपासलीं, तेव्हां न्यूयॉर्कच्या अफिनिटी हेल्थ प्लॅन या विमासंस्थेनें परत केलेल्या यंत्रांत रोग्यांची माहिती तशीच सांपडली. या प्रकरणांत २०१३ सालीं त्या संस्थेस १२ लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरावी लागली. तेव्हां यंत्र परत जातांना डिस्क पुसणार कोण, हें करारांतच लिहून घ्यावें. आपल्या ओळखीचे पुष्कळ डॉक्टर याच पेठेंत दवाखाना चालवितात; त्यांच्या कानांवर ही गोष्ट घालण्यास संकोच कसला?

आणि सर्व भिस्त यंत्रावर ठेवणेंहि बरें नव्हे. नोव्हेंबर २०२२ मध्यें दिल्लीच्या एम्स या थोर संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला, तेव्हां कित्येक दिवस तेथील काम हातानें कागदावर लिहून चालवावें लागलें. कागद व यंत्र दोन्हीं हवींत. एक बिघडलें तर दुसऱ्यानें सावरावें.

शेवटीं एकत्र कुटुंबांविषयीं दोन शब्द. आपल्या घरीं औषधांचा डबा एक असतो, पण आजार ज्याचा त्याचा असतो. सगळ्यांचे कागद एकाच पिशवींत असले कीं सुनेच्या तपासणीचा रिपोर्ट दिरानें सहज वाचावा, हें घडतेंच. आणि त्या भयानें ती तपासणीच टाळते, हेंहि घडतें. नव्या व्यवस्थेंतहि घरांतील चारपांच माणसांचे आभा क्रमांक एकाच नातवाच्या मोबाइलला जोडलेले असतील, तर संमति कोणाची घेतली गेली म्हणावयाची? व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला, पण त्याचा आरंभ आपल्या कपाटापासून झाला पाहिजे. प्रत्येक प्रौढ व्यक्तीची फाइल निराळी असावी आणि ती तिच्याच ताब्यांत असावी. वडील माणसांच्या बाबतींत त्यांस विचारून घरांतील एकास ती पाहण्याची मोकळीक द्यावी.

काका घरीं आल्यावर पुढच्याच रविवारीं आम्ही सर्वजण माजघरांत कागद पसरून बसलों. प्रत्येकाच्या फाइलीच्या पहिल्या पानावर नांव, रक्तगट, चालू औषधें, न सोसणारीं औषधें, पूर्वींच्या शस्त्रक्रिया व त्यांचीं सालें ठळक अक्षरांत लिहिलीं. मागें तारखेप्रमाणें रिपोर्ट लाविले. आत्याबाईंस बाधलेल्या औषधाचें नांव कोणासच आठवेना; तें एका जुन्या चिठ्ठींत सांपडलें, तेव्हां त्यांच्या फाइलींत तें लाल शाईनें लिहिलें. एका दिवसाचें काम होतें. तें तीस वर्षें राहून गेलें होतें. काकांचा नवा ईसीजी मिळाला त्या संध्याकाळीं काकू स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानांत गेल्या आणि त्याच्या दोन झेरॉक्स काढूनच घरीं आल्या.