स, श आणि हेडफोन

दिवाळी झाली की आमच्या भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार उभी राहते. १९८८ ते १९९६ या काळात साकोली-लाखनी भागात टेपरेकॉर्डर खांद्याला अडकवून मी अशा बऱ्याच रात्री जागलो. एक्केचाळीस कॅसेटी जमल्या. त्यांतली गाणी वहीत उतरवताना मी एक टिपण केले: झाडीबोलीत 'श'च्या जागी 'स' येतो असे मानतात, पण माझ्या एका जुन्या गायकाच्या तोंडी 'श' स्पष्ट ऐकू येतो. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांच्या कामामुळे झाडीबोलीकडे वळलेल्या माझ्यासारख्या हौशी माणसाला हे घबाडच वाटले. एका बैठकीत मी ते वाचूनही दाखवले. त्या गायकाचा मुलगा समोरच बसला होता. तो एवढेच म्हणाला, "आमच्या बाबाच्या तोंडात असा शब्द कधीच नव्हता जी."

घरी येऊन पुन्हा ऐकले. मला 'श'च ऐकू आला. चूक नेमकी कुठे, हे शोधण्यात दोन वर्षे गेली. ध्वनिशास्त्र मी कुठे शिकलेलो नाही. पुस्तके वाचून आणि चुका करून जे कळले ते सांगतो.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच केला. आवाजाच्या शौकिनांत नावाजलेला, १९९७ पासून बाजारात असलेला सेनहायझर एचडी ६०० हा हेडफोन घेतला आणि मोबाइलला जोडला. आवाज मऊ, दूरचा, निर्जीव. दोष हेडफोनचा नव्हता. त्याचा विद्युत् अवरोध ३०० ओहम आहे आणि १ व्होल्ट दिला की तो ९७ डेसिबल आवाज देतो. आता हिशेब करा. सरासरी आवाज ८० डेसिबल ठेवला तरी ढोलकीची थाप क्षणभर २५ डेसिबल वर उसळते. म्हणजे १०५ डेसिबलची सोय हवी, आणि त्यासाठी सुमारे अडीच व्होल्ट लागतात. बहुतेक मोबाइल अर्धा ते एक व्होल्ट देतात. गंमत म्हणजे या अडीच व्होल्टांना शक्ती लागते फक्त २१ मिलिवॅट. तेव्हा एक साधा, स्वच्छ हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायर पुरतो. त्याच्यासाठी शेत विकायला नको. कमी ओहमच्या हेडफोनची अडचण उलटी असते. जुन्या डेकच्या हेडफोन-जॅकचा स्वतःचा अवरोध पुष्कळदा शंभराच्या घरात असतो, आणि ३२ ओहमचा हेडफोन त्याला लावला तर खर्जाचा तोल बिघडू शकतो. जॅकचा अवरोध हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा ठोकताळा मला उपयोगी पडला. महागड्या वायरींबद्दल मात्र विचारू नका. दोन वायरी डोळे बांधून, आवाजाची पातळी अगदी सारखी करून ऐका, मग बोलू. पातळी सारखी नसेल तर जो किंचित मोठा तोच कानाला चांगला वाटतो, आणि दुकानदाराला हे ठाऊक असते.

त्यानंतर चष्मा. पन्नाशीनंतर तो सुटत नाही, आणि त्याची काडी गादीखाली गेली की फट पडते. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये त्या फटीतून खर्ज निघून जातो. मी आता बारीक काडीचा चष्मा वापरतो. गाद्या दबल्या की कान आणि पडदा यांतले अंतर बदलते आणि आवाजही बदलतो. म्हणून त्या वेळेवर बदलायच्या. माझा हेडफोन उघड्या पाठीचा असल्याने बाहेरचे सगळे आत येते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून बसायचे हे तप आहे खरे, पण पंखा चालू असला की हात आपोआप आवाज वाढवतो.

किमतीविषयी येरोन ब्रीबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोनांची मोजमापे तपासून दाखवले की किंमत आणि स्वरतोल यांत संबंध सापडत नाही. चांगला तोल म्हणजे सपाट रेषाही नव्हे. आपली कर्णनलिका साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते आणि ३००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती स्वतःच फुगवते. समोरून येणारा आवाज मेंदूला या फुगवट्यासह परिचित असतो, म्हणून हेडफोननेही तो योग्य मापात द्यावा लागतो. थोडेफार कमीजास्त असेल तर फुकटच्या इक्वलायझरने सावरता येते.

एवढे सगळे करूनही माझा 'श' हलला नाही. कारण दोष कॅसेटमधून आवाज निघतानाच शिरत होता. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. ८००० हर्ट्झच्या स्वराची एक लाट त्या फितीवर जेमतेम ६ मायक्रोमीटर जागा घेते. वाचणारे हेड केसभर तिरके असले तर या बारीक लाटा एकमेकींना पुसून टाकतात. जाड लाटांना काहीच होत नाही. 'स'चा सळसळाट मुख्यतः ४-५ हजार हर्ट्झच्या वर असतो, तर 'श'चा अडीच-तीन हजारांपासून सुरू होतो. वरचा भाग गेला की 'स' बोथट होतो, आणि ओळखीचा शब्द समोर असेल तर कान त्याला 'श' करून घेतो. मी मुळात प्रमाण मराठीत शिकलेला, तेव्हा माझा कान कोणत्या बाजूला झुकणार हे उघड आहे.

हेडच्या बाजूला तिरकेपणा जुळवण्याचा बारीक स्क्रू असतो. दोन्ही बाजूंचे आवाज एकत्र, म्हणजे मोनो करायचे आणि हेडफोनमधून ऐकत तो स्क्रू अगदी थोडा फिरवत राहायचे. 'स' सर्वांत तीक्ष्ण वाटेल तिथे थांबायचे. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावे लागते. पेचकस लोखंडी नको, हेडला चुंबकत्व लागते. आमचे भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. एका कारागिराने मला पितळेचाच करून दिला. त्यानंतरच संगणकावर ध्वनिमुद्रण केले, ४४,१०० नमुन्यांचे. मंडईतल्या माझ्या कॅसेटींना त्याहून अधिकाची गरज नाही.

स्क्रू जुळवल्यावर शेजारची कॉलेजातली मुलगी म्हणाली, "काका, हा तर स आहे." मला तो अजूनही मधलाच वाटत होता. कान तपासून घेतले. ४००० हर्ट्झच्या वर दोन्ही कान उतरले आहेत. वयामुळे किती आणि तरुणपणी कर्ण्याशेजारी उभे राहून किती, हे आता कळायचे नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा सांगते. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला हातात उरतात ५ तास. मी पूर्वी त्याच पातळीला रात्र-रात्र बसत होतो.

आता शंकेचे शब्द मी कापून, क्रम उलटसुलट करून त्या मुलीला आणि तिच्या भावाला ऐकवतो. कोणता गायक, कोणते गाणे, मला काय वाटते, यांतले काही सांगत नाही. एकोणीस कॅसेटी झाल्या आहेत. माझे टिपण मागे घेतल्याचे मी त्या गायकाच्या मुलाला घरी जाऊन सांगितले. त्याला बाबाचा आवाज ऐकायचा होता. हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवला आणि कॅसेटची दुसरी बाजू लावली. त्या बाजूला एक शब्द आहे जिथे दोन्ही मुलांचे मत वेगळे पडते. वहीत तिथे मी पेन्सिलीने दोन्ही अक्षरे लिहून ठेवली आहेत.