प्रेमगीताचा अर्थ आणि मावळातील जाते

प्रेमगीताचा अर्थ कोशात सापडत नाही; तो गाणाऱ्याच्या जगण्यात शोधावा लागतो. एदित पियाफ या फ्रेंच गायिकेचे ‘ला व्ही आँ रोज’ हे विख्यात गीत घ्या. प्रियकराच्या सहवासात सारे आयुष्य गुलाबी दिसू लागते, एवढाच त्याचा शब्दार्थ. परंतु हे गीत पियाफने लिहिले १९४५ साली, म्हणजे पॅरिस जर्मन अंमलातून मुक्त झाल्यावर वर्षभरात. चार वर्षांची टंचाई आणि भीती सोसलेल्या शहराने त्या गुलाबी रंगात काय पाहिले असेल, हे कोणत्याही भाषांतरात येणार नाही.

आंदर मावळातील कष्टकरी स्त्रीला असे गीत होते काय? नव्हते, असे उत्तर सुशिक्षित माणूस चटकन देतो. जिने नवऱ्याचे नाव उखाण्याखेरीज उच्चारायचे नाही, ती प्रेम कसले गाणार? परंतु पहाटेच्या अंधारात जात्याच्या खुंट्याला हात घातला की तीच स्त्री बोलू लागे. घरातील पुरुष निजलेले, समोर जाऊ किंवा नणंद, आणि दगडाच्या घरघरीची सोबत. तेथे ती ‘कंथा’विषयी बोले, न येणाऱ्या भावाविषयी बोले आणि वनवासी सीतेच्या आडून स्वतःचे दुःखही सांगे. पियाफचे प्रेम श्रोत्यांसमोर उभे राहून गाते. ओवीतील प्रेमाला श्रोता नसणे हीच त्याची मोकळीक होती.

हा ठेवा जपण्याच्या कामात एका फ्रेंच माणसाचा मोठा वाटा असावा, हा योग विलक्षण खरा. फ्रान्समध्ये जन्मलेले आणि पुढे भारतीय नागरिकत्व घेतलेले गी पॉइटवाँ व त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मावळ-मुळशीच्या डोंगरी खेड्यांतून ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. पुढे महाराष्ट्रभरच्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. गाणाऱ्या स्त्रिया स्वतःच्या ओवीचा अर्थ काय लावतात, यालाही या उभयतांनी महत्त्व दिले. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण संग्रहाने या ओव्या सर्वांना खुल्या केल्या आहेत.

या कथेला अर्थकारणाचीही बाजू आहे. आंद्रा खोऱ्यातील पाण्यावर भिवपुरीचे वीजगृह १९२२ साली सुरू झाले आणि ती वीज मुंबईला गेली. खोऱ्याने मुंबईला वीज दिली, माणसेही दिली. मागे राहिलेल्या बाईच्या हातचे जाते मात्र फिरतच राहिले. पिठाची गिरणी गावात आली ती फार उशिरा. तिने बाईचे कष्ट हलके केले, याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. जात्याचे गोडवे बहुधा त्यांनीच गावे, ज्यांनी ते कधी ओढले नाही. परंतु कष्टांबरोबर मनातले बोलण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात कोणी काही दिले नाही.

टाकवे, वडेश्वरच्या परिसरात जाते ओढलेल्या आज्या आजही भेटतील. शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी त्यांच्या ओव्या लिहून घ्याव्यात. मात्र लिहून झाल्यावर अर्थ आपणच सांगू नये. तो आजीला विचारावा. इतरांनी तो आजवर पुष्कळ लावला, तिला मात्र क्वचितच कोणी विचारले.