भिंतीला गादी

मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, तिची दहा बाय बाराची खोली रिकामी झाली आणि मी तिथं माझे स्पीकर मांडले. पहिल्याच संध्याकाळी मल्लिकार्जुन मन्सूर लावले. तान सुटली आणि तिच्या दाण्यांचा लगदा झाला. डग्गा तर कुणी रिकामं पिंप बडवावं तसा घुमत होता. स्पीकर बदलायचे की काय, या विचारात खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळीच्या मागोमाग 'टर्रर्र' असा पत्र्यासारखा थरथराट आला. समोरासमोरच्या दोन नागड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत होत्या. स्पीकर बिचारे निर्दोष होते.

हा हिशेब जुना आहे. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातलं एक व्याख्यानगृह सुधारायचं काम वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर आलं. तिथं वक्त्याचं बोलणं घुमून कळतच नसे. सॅबिननं जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या मांडल्या आणि दर वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्यातून निघालेलं सूत्र आजही चालतं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. माझी खोली साधारण ३२ घनमीटरची. स्लॅब, प्लास्टर आणि विट्रिफाइड टाइल्स आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग गिळतात असं धरलं, तर रिकाम्या खोलीत आवाज अडीच सेकंदांहून जास्त रेंगाळतो. गाणं ऐकायला अर्धा सेकंद पुरतो.

आधी मी सगळे करतात तीच चूक केली. एक इंच जाडीच्या, काळ्या, टोकदार फोमच्या टाइल्स मागवून अख्खी भिंत मढवली. थरथराट गेला, पण तंबोऱ्याची जवारीही गेली. डग्गा होता तसाच. जवारीचा सगळा झगमगाट वरच्या स्वरांशांत असतो आणि पातळ फोम नेमका तेवढाच खातो. १०० हर्ट्झच्या लहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर. तिला इंचभर फोम म्हणजे हत्तीच्या वाटेत वाळत घातलेला टॉवेल. शिवाय साधा फोम पेटतोही चटकन. सगळा उपटून काढला, तेव्हा भिंतीचा रंगही सोबत आला.

मग रॉकवूल, म्हणजे दगडाची लोकर, आणलं. ५० मिलिमीटर जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेचे, एक मीटर बाय साठ सेंटिमीटरचे दहा स्लॅब. ते बसवायला चौकटी हव्या होत्या. सुतारानं माप घेता घेता विचारलं, "साहेब, भिंतीला गादी लावताय?" पुढं म्हणाला, "वरून रेक्झिन मारू, पुसायला बरं पडतं." त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं, पण रेक्झिनवरून वरचे स्वर परत उसळले असते. मी खादीचा तुकडा त्याच्या हातात दिला आणि फुंकायला सांगितलं. फुंक आरपार गेली. रेक्झिनवर त्यानं स्वतःच फुंकून पाहिलं आणि हसला. चौकटींच्या पाठीमागं प्लाय ठोकायचा बेतही मग त्यानं सोडला. रॉकवूल हाताळताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्या हव्यातच. मी दहा मिनिटं उघड्या हातांनी शहाणपणा केला आणि रात्रभर खाजवत बसलो. कापड आधी चारी बाजूंच्या मध्यावर स्टेपल करायचं, मग कोपऱ्यांकडे ताणत जायचं. कोपऱ्यातून सुरुवात केली की मधे झोळ पडतो.

चौकटी कुठं टांगायच्या ते आरशानं ठरवलं. मी खुर्चीत बसलो आणि बायको बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत गेली. जिथं मला त्यात स्पीकर दिसला, तिथं पेन्सिलची खूण. डावीकडे दोन, उजवीकडे दोन, पाठीमागं दोन. उरलेले चार स्पीकरमागच्या दोन कोपऱ्यांत, एकावर एक असे जोडून तिरके उभे केले, कारण खालचे स्वर कोपऱ्यांत साचतात. बारा फूट लांबीची खोली ४७ हर्ट्झच्या आसपास स्वतःच गुणगुणू लागते, आणि माझी खुर्ची नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली होती, जिथं ही गुणगुण सगळ्यात जास्त. ती अडीच फूट पुढं ओढली. डग्ग्याला सगळ्यात जास्त गुण आला तो या फुकटच्या उपायानं.

आता तानेचा दाणा दाणा सुटा ऐकू येतो. डग्गा अजून किंचित फुगतो. तेवढं मी सोडून दिलं आहे. उरलेल्या भिंतींवर पुस्तकांची कपाटं ठेवली, त्या मुद्दाम मढवल्या नाहीत. सगळंच शोषलं तर गाणारा कपाटात बसून गातोय असं वाटतं. शेजारचा मिक्सर मात्र पूर्वीइतकाच ऐकू येतो, कारण या चौकटी आवाज अडवत नाहीत.

तुम्ही करणार असाल, तर चौकट भिंतीला चिकटवू नका. मागं दोन इंच मोकळे ठेवा. तेवढ्यानं ती आणखी खालच्या स्वरांपर्यंत काम करते आणि पावसाळ्यात भिंतीची ओल रॉकवूलला लागत नाही.