फोनचे किती बहार उरले?

पांढुर्ण्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्तीच्या एका टेबलाशी मी उभा होतो. माझ्या आधी संत्र्याचे एक बागायतदार काका. हातात चार वर्षांचा फोन, काचेच्या कोपऱ्याला तडा.

“भाऊ, हा ठेवू का नवाच घेऊ?”

“आधी सांगा काका, तरास काय देऊन राहिला?”

“तीस टक्के दाखवते अन् भकन बंद पडते. चालते बी हळू.”

टेबलामागच्या पोराने मागचं झाकण अलगद उचकटलं आणि आतली चपटी, चंदेरी पिशवी दाखवली. ती जराशी फुगली होती. “बॅटरी बुढी झाली काका. फोन नाही.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. हेच काका स्वतःच्या बागेत ‘झाड ठेवू का तोडू’ असं एकदम कधी विचारणार नाहीत. पानं पिवळी पडली तर ते आधी बुंधा बघतील. डिंक्या रोग असेल तर साल खरवडून बोर्डो पेस्ट लावतील. जंबेरीचा खुंट ठणठणीत आहे का, अजून किती बहार मिळतील, याचा हिशोब करतील. फोनच्या बाबतीत मात्र आपण पिवळं पान दिसलं की कुऱ्हाड शोधतो. म्हणून आज फोनचाही बुंधा बघू. फोन जुना झाला म्हणजे त्यातलं नेमकं काय जुनं झालं?

सुरुवात त्या चंदेरी पिशवीपासून. लिथियम-आयन बॅटरीत दोन घरं असतात. एका घरी ग्राफाइटचे, म्हणजे पेन्सिलीच्या शिशाच्याच जातीच्या कार्बनचे, पातळ थर. दुसऱ्या घरी, बहुतेक फोनांत, लिथियम आणि कोबाल्टच्या ऑक्साइडचे थर. चार्जर लावला की लिथियमचे विद्युतभारित कण कोबाल्टचं घर सोडून ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरला की परत येतात. सकाळी गावातून बागेत जावं आणि संध्याकाळी घरी यावं, तशी ही ये-जा. काहीही जळत नाही, काहीही फिरत नाही. नुसत्या या येरझाऱ्यांवर तुमचं बोलणं, पाहणं, पैसे पाठवणं चालतं. कोबाल्टचं घर १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या चमूने शोधलं. १९९१मध्ये सोनीने अशी बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली. याच बॅटरीच्या कामासाठी २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना मिळालं, तेव्हा गुडइनफ ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल मिळालेला दुसरा माणूस नाही.

या गोष्टीत आपल्या मुलखाचाही एक धागा आहे. पांढुर्णा म्हटलं की लोकांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर उडणारे गोटमारीचे दगड आठवतात. मला शेजारच्या सौंसरचा काळा दगड आठवतो, मँगनीजचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लुईस ली फर्मोर यांनी १९०९मध्ये देशातल्या मँगनीज साठ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात आपल्या सीतापार गावावरून एका खनिजाला नाव दिलं, ‘सीतापाराइट’. पुढे ते खनिज अमेरिकेतल्या यूटामध्ये आधीच सापडलेलं बिक्सबाइट निघालं आणि आपल्या गावाचं नाव मागे पडलं. पण छिंदवाड्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटपर्यंत पसरलेल्या या खडकांना जगभरचे भूवैज्ञानिक आजही सौंसरच्याच नावाने ओळखतात. हे खडक निदान नव्वद-शंभर कोटी वर्षं जुने आहेत. मँगनीजचा मोठा वाटा पोलादात जातो. टॉर्चच्या साध्या सेलमधली काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. आणि कोबाल्टनंतर गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत मायकेल थॅकरे यांनी लिथियमसाठी जे दुसरं घर शोधलं, ते मँगनीजचं होतं. विजेवर चालणाऱ्या सुरुवातीच्या काही मोटारी त्यावरच धावल्या.

शंभर कोटी वर्षं टिकलेल्या धातूंची आपण वस्तू बनवतो आणि ती तीन वर्षांत जुनी म्हणतो! तर मग झिजतं काय?

दुधावर साय धरते ना, तशीच साय बॅटरीतही धरते. पहिल्याच चार्जिंगला ग्राफाइटवर एक अतिपातळ थर जमतो. तो हवाच असतो, कारण तोच आतल्या द्रवाचं आणि ग्राफाइटचं भांडण थांबवतो. पण दर फेरीला साय थोडी जाड होते आणि थोडं लिथियम तिच्यात अडकून पडतं. बागेत गेलेल्या मजुरांतला एखादा संध्याकाळी परततच नाही. अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. म्हणून प्रत्येक बॅटरीचे बहार मोजलेले असतात. अनेक फोनांच्या बॅटऱ्या सुमारे ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतील अशा बेताने घडवलेल्या असत. काही नवे फोन हजार फेऱ्यांचा दावा करतात. फेरी म्हणजे दर वेळी चार्जर लावणं नव्हे. आज निम्मी वापरली, उद्या निम्मी, की एक फेरी भरली.

साय जाड करणारे दोन शत्रू आहेत: उष्णता, आणि सतत शंभर टक्के भरलेलं पोट. अ‍ॅपल आपला फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात सकाळी दहालाच पारा त्यापुढे गेलेला असतो. तेव्हा उन्हात तापलेल्या मोटरसायकलच्या होल्डरवर किंवा बागेतल्या पत्र्याच्या खोलीत फोन चार्जिंगला लावणं म्हणजे ऐन उन्हाळ्यात रोपाचं पाणी तोडणं. संत्र्याला ताण दिला तर बहार फुटतो. बॅटरीला ताण दिला तर बहार कमी होतात. बऱ्याच फोनांत आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. ती चालू करून ठेवा.

आता काकांचं कोडं. तीस टक्के शिल्लक असताना फोन बंद का पडतो? बागेतली मोटर सुरू केली की खोपटातला बल्ब क्षणभर मंद होतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. मोटर एकदम खूप वीज ओढते आणि व्होल्टेज खाली बसतं. फोनमध्ये कॅमेरा उघडला की प्रोसेसरही तसाच झटक्यात वीज ओढतो. जुन्या बॅटरीचा आतला अडथळा वाढलेला असतो, म्हणून व्होल्टेज कोसळतं आणि फोन मान टाकतो. बॅटरीत वीज असते, ती हवी तेव्हा बाहेर येत नाही. डिसेंबर २०१७मध्ये अ‍ॅपलने कबूल केलं, की असं अचानक बंद पडणं टाळायला काही जुन्या आयफोनांचा वेग सॉफ्टवेअरमधूनच कमी केला होता. लोक समजत होते फोन म्हातारा झाला. बॅटरी बदलली की तोच फोन पुन्हा पळू लागे.

कारण प्रोसेसर जवळपास म्हातारा होतच नाही. नखाएवढ्या त्या सिलिकॉनवर २०२०च्या आयफोनमध्ये ११८० कोटी ट्रान्झिस्टर होते. पृथ्वीवरच्या माणसांहून जास्त! त्यात एकही भाग हलत नाही, मग घासणार काय? फोन हळू वाटतो तो बॅटरीमुळे, गच्च भरलेल्या साठवणीमुळे, किंवा अ‍ॅप्स दरवर्षी जाड होत गेल्यामुळे. शेकड्याने पडलेले ‘शुभ सकाळ’चे व्हिडिओ काढून टाकले तरी कित्येक फोन मोकळा श्वास घेतात.

मग फोन खरोखर म्हातारा होतो तो बाहेरच्या जगामुळे. संत्र्याचं झाड दोघांचं असतं: खाली जंबेरीचा खुंट, वर संत्र्याचा डोळा. फोनही तसाच. खाली यंत्र, वर सॉफ्टवेअर. यंत्र उभं असतं, पण कंपनीने वरचा भाग जोपासणं बंद केलं की किडीला रान मोकळं. सुरक्षेचे अपडेट म्हणजे फवारणी. ती थांबली की नव्या चोरवाटा उघड्याच राहतात, आणि त्याच फोनवर आपलं यूपीआय आणि बँक असते. व्हॉट्सअ‍ॅपनेही १ जानेवारी २०२५पासून अँड्रॉइड ४ असलेल्या फोनांना रामराम केला. मंडीचा भाव व्हॉट्सअ‍ॅपवर बघणाऱ्याला हे थेट लागतं. नेटवर्कचंही तसंच. जिओ २०१६मध्ये आलं ते केवळ ४जी घेऊन. ज्या फोनला ४जी येत नव्हतं, तो धडधाकट असूनही तिथे मुका ठरला.

म्हणूनच नवा फोन घेताना किती वर्षं अपडेट मिळणार हे विचारायला हवं. २०२३च्या पिक्सेल ८ला आणि २०२४च्या गॅलॅक्सी एस२४ला सात वर्षांचं वचन आहे. युरोपीय संघाने तर २० जून २०२५पासून नियमच केला: नव्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० फेऱ्यांनंतरही ८० टक्के टिकली पाहिजे, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं.

घाई का नको, याचं आणखी एक कारण. फोनमुळे जो कार्बन हवेत जातो, त्यातला सुमारे चार-पंचमांश फोन तयार होतानाच गेलेला असतो, असं अ‍ॅपलचे स्वतःचेच अहवाल सांगतात. आपण आयुष्यभर चार्जर लावून जाळतो ती वीज त्यापुढे किरकोळ. म्हणजे पृथ्वीने किंमत आधीच मोजली आहे. एकेक जास्तीचं वर्ष ती वसूल करतं. आणि शेवटीही फोन कचरा नसतो. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५००० पदकं जुन्या उपकरणांतून निघालेल्या धातूंची होती. जपानी लोकांनी त्यासाठी ६२ लाखांवर जुने फोन दिले; सगळ्या उपकरणांतून मिळून ३२ किलो सोनं निघालं. आपल्या घरी तेच सोनं टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये तुटक्या इअरफोनसोबत पडलंय.

आता निवाडा. फोन बंद पडतो, तापतो, दिवसभर टिकत नाही, तर बॅटरी बदला. फुगलेली असेल तर आजच. ती टोचू नका, चार्ज करू नका, उकिरड्यावर फेकू नका, आगीत तर मुळीच नाही. काच फुटली असेल तर खर्च विचारा. दुरुस्तीला फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त लागत असतील, तर मी तरी बदलेन. सुरक्षेचे अपडेट बंद झाले असतील, तर बँकेची कामं दुसऱ्या फोनवर न्या आणि जुना गाणी, टॉर्च, गजर यांसाठी ठेवा. जुनाच विकत घेत असाल तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक काढा आणि संचार साथी पोर्टलवर तपासा, चोरीचा निघायला नको. आणि फोन उत्तम चालतोय, नुसतं मन भरलंय, तर एक बहार थांबा.

काकांनी त्या दिवशी बॅटरीच बदलली. तुम्ही आज फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन दोनच गोष्टी बघा: सुरक्षेचा शेवटचा अपडेट कोणत्या महिन्याचा आहे, आणि बॅटरीची प्रकृती दाखवत असेल तर ती किती टक्के आहे. दुकानाची पायरी त्यानंतरच चढा.