पँथिऑनचा घुमट कसा टिकला?

रोममधल्या पँथिऑनच्या घुमटाला माथ्यावर सुमारे ९ मीटर रुंदीचं गोल भोक आहे. त्यावर काच नाही, झाकण नाही. पाऊस आला की थेट आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. सम्राट हेड्रियनच्या काळात, इसवी सन १२६च्या सुमारास ही वास्तू पुरी झाली. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर, आणि फरशीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तितकीच. आत एक अख्खा गोल चपखल बसावा असं हे माप! लोखंडाची सळई न घालता केलेला याहून मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही नाही.

खांब रोमनांनी ग्रीकांकडून घेतले. कमानीचे धडे त्यांना एट्रुस्कन शेजाऱ्यांकडून मिळाले. पण ग्रीक देवळात खांबांवर दगडी तुळया असत, आणि लांब तुळई स्वतःच्याच वजनानं मधोमध तडकते. म्हणून खांब जवळजवळ, गाभारा अरुंद. रोमनांनी आतली जागाच मोकळी केली. माझ्या मते वास्तुकलेला त्यांची सर्वांत मोठी देणगी हीच.

हे साधलं ते काँक्रीटमुळे. नेपल्सजवळच्या पोत्सुओली परिसरात ज्वालामुखीची राख मिळते. ती चुन्यात कालवली की मिश्रण पाण्याखालीसुद्धा दगडासारखं घट्ट होतं. यहुदियाच्या हेरॉद राजानं सिझेरियाचं बंदर बांधलं तेव्हा ही राख जहाजांतून भूमध्य समुद्रापार नेली गेली.

पँथिऑनच्या गवंड्यांची अक्कल पाहून तर थक्क व्हायला होतं. काँक्रीटमध्ये पायात जड दगडाचे तुकडे, वर चढत जावं तसे हलके, आणि अगदी माथ्याशी सच्छिद्र, पाण्यावर तरंगणारा प्युमिस. घुमटाची जाडी बुडाशी सहा मीटरांहून जास्त, भोकाच्या काठाशी जेमतेम सव्वा मीटर. तरीही बुडाकडून वर जाणाऱ्या उभ्या भेगा त्याला पडल्याच. पण त्यांनी तो कोसळला नाही. भेगांमधले भाग एकमेकांना रेलून उभ्या असलेल्या कमानींसारखं काम करतात, आणि भोकाची कड त्या सगळ्यांचा दाब झेलते.

रोमन काँक्रीट फोडलं की त्यात चुन्याचे पांढरे खडे दिसतात. नीट न कालवल्याची ती खूण, असंच बरीच वर्षं मानलं जाई. २०२३ साली एमआयटीतले अद्मिर मासिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळं काही दाखवलं. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियसच्या ग्रंथात विझवलेल्या चुन्याची कृती आहे. पण हे खडे सांगतात की कळीचा, म्हणजे न विझवलेला, चुनाच राखेत टाकून मिश्रण तापू दिलं जात होतं. पुढे कधी भेग पडून पाणी शिरलं की खड्यांतला चुना विरघळतो, भेगेत पुन्हा स्फटिक होऊन बसतो आणि ती बुजवतो. संशोधकांनी तसं काँक्रीट बनवून मुद्दाम तडकवलं आणि त्यातून पाणी सोडलं. दोन आठवड्यांत भेगा भरल्या. कळीचा चुना नसलेल्या तुकड्यातून पाणी वाहतच राहिलं.

जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सुमारे ८ टक्के आहे. बांधकाम जितकं जास्त टिकेल, तितकं नवं सिमेंट कमी भाजावं लागेल. म्हणून हेच खडे आजच्या काँक्रीटमध्ये आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत.