यंत्राचा डोळा आणि कामगाराचा न्याय

कारखान्यातील यंत्राला आता डोळे आले आहेत. ते पाहतात कसे हे जाणून घेतल्यावाचून त्यांच्या निकालापुढे मान तुकवणे किंवा त्यांच्या नावाने ओरड करणे, ही दोन्ही आम्हांला सारखीच अडाणीपणाची वाटतात.

रचना साधी आहे. घडवलेला भाग, म्हणजे आम्हां कामगारांच्या भाषेत जॉब, पट्ट्यावरून पुढे सरकतो. ठरावीक कोनातून त्यावर प्रकाश पडतो, कॅमेरा चित्र टिपतो आणि संगणक क्षणार्धात ‘पास’ की ‘रिजेक्ट’ ते ठरवतो. प्रकाशाचे विजेच्या भारात रूपांतर करणारी सीसीडी चिप १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल व स्मिथ यांनी शोधली. त्याबद्दल २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पूर्वी माणूस यंत्राला नियम सांगे : भोकाचा व्यास इतका, कड इतकी सरळ. आता शिकणारी यंत्रे आली आहेत. त्यांना असंख्य चित्रे दाखवून चांगले-वाईट ओळखायला शिकवतात. काही पद्धतींत तर केवळ चांगलाच माल दाखवतात. मग निराळे दिसेल ते दोषी. अशा वेळी तेलाचा डागही दोष ठरू शकतो.

आता हिशेब करू. समजा, १०,००० जॉबांत खरोखर वाईट १० आहेत. यंत्राने ते सगळे पकडले, पण चांगल्यांतलाही शंभरात एक बाजूला काढला. म्हणजे रिजेक्टच्या पेटीत १० वाईट आणि सुमारे १०० चांगले! ही ९९ टक्के अचूक यंत्राची पेटी. ती मोजून कामगाराचा पगार कापला, तर तो न्याय होईल काय?

यंत्र केवळ शंकेचा आकडा देते. किती शंकेवर माल नाकारायचा, ती रेषा माणूसच आखतो. कडक आखली तर चांगला माल वाया जातो, सैल आखली तर वाईट माल गिऱ्हाइकाकडे जातो. ब्रेकच्या भागाला ती कडकच हवी, हे आम्हीही म्हणतो.

आमचा यंत्राला विरोध नाही. दिवसभर दिव्याखाली डोळे शिणवण्याचे काम त्याने खुशाल करावे. परंतु दंडापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकण्याची अट १९३६ च्या पेमेंट ऑफ वेजेस ॲक्टने घातली आणि २०१९ च्या वेतन संहितेनेही राखली. ती यंत्रापुढेही टिकली पाहिजे. नाकारलेला जॉब पुन्हा माणसाच्या हाती देऊन गेजवर तपासावा, आणि रेषा कोठे आखली ते फलकावर लिहावे, एवढेच आमचे मागणे आहे.